मृग लागला की पियानो जड होतो: अडकलेली पट्टी शोधायची, सोडवायची आणि नोंदवायची रीत

जूनचा दुसरा आठवडा उलटला की फोन सुरू होतात. ‘मधली एक पट्टी खाली गेली की वर येतच नाही.’ ‘हात जड झाल्यासारखा वाटतो, मे महिन्यात असं नव्हतं.’ ‘एकदा वाजते, लगेच पुन्हा मारली की मुकी.’ बांद्रा असो, दादरची पारशी कॉलनी असो, वसई असो की मडगाव, किनाऱ्यालगतच्या घरातली तक्रार बहुतेक या तिघींपैकी एक असते. दुरुस्तीला गेलेला माणूस दहा मिनिटांत काहीतरी करतो, पट्टी चालू होते आणि ऑक्टोबरात त्याच पियानोतून खटखट आवाज यायला लागतो.

हा लेख माझ्यासारख्याच पियानो दुरुस्त करणाऱ्यांसाठी आणि हे काम शिकायला लागलेल्यांसाठी आहे. ट्यूनिंगचा विषय यात घेतलेला नाही. ओलीमुळे जड झालेली पट्टी आणि ॲक्शन (पट्टीचा दाब तारेवर आपटणाऱ्या हॅमरपर्यंत नेणारी यंत्रणा) एवढंच धरून चाललो आहे, कारण पावसाळ्यातल्या आपल्या चुकांपैकी बऱ्याचशा इथेच होतात. त्यामागचं कारण मला एकच दिसतं: आपण मोजत नाही, आणि जे कळलं ते दुसऱ्याला उपयोगी पडेल असं लिहून ठेवत नाही. ज्याच्या हाताला कळलं, त्याच्या हातातच ते राहतं.

आधी खोली बघा

पियानोचं झाकण उघडण्याआधी खोलीत आर्द्रतामापक ठेवा आणि त्याला अर्धा तास द्या. काटा किंवा आकडा लगेच स्थिरावत नाही. तेवढ्या वेळात घरच्यांशी बोला: एसी कधी लावतात, पियानो खिडकीजवळ कधी आणला, मागची भिंत ओली येते का, पट्टी सकाळी अडकते की रात्री.

हे विचारणं गप्पांसाठी नाही. लाकडाने ओल धरली की ते रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पट्टीच्या आत बसवलेलं लोकरी बुशिंग (पिनेभोवतीचं अस्तर) आणि हॅमरच्या सांध्यातलं बुशिंग लाकडापेक्षाही लवकर ओल घेतं. संध्याकाळी एसीमुळे खोली ५५ टक्क्यांवर येते आणि पहाटे पुन्हा ८५ वर जाते, अशा घरात पट्टी दिवसातून दोनदा वेगळी वागते. तुम्ही दुपारी गेलात आणि सगळं ठीक दिसलं, म्हणून घरचे खोटं बोलत होते असं होत नाही.

४० ते ६० टक्के आर्द्रता पियानोला मानवते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ६५ वर टिकवली तरी मी समाधान मानतो, पण ती टिकली पाहिजे. रोज वीस टक्के वरखाली होणारी खोली ही सतत ७० असलेल्या खोलीपेक्षा जास्त नुकसान करते.

जुन्या घरांत पियानोच्या पोटात एक बल्ब लावून ठेवायची रीत होती. साध्या तारेच्या बल्बची ऊब लागायची म्हणून त्याचा उपयोग व्हायचा. आता त्या जागी एलईडी लावलेले दिसतात, त्यांची ऊब जवळजवळ नसतेच. साधा बल्ब असला तरी तो फेल्टला किंवा लाकडाला खेटून असेल तर आधी काढायला सांगा. आगीची भीती आहेच, शिवाय साउंडबोर्डचा (आवाज मोठा करणाऱ्या लाकडी पाटाचा) एकच तुकडा सुकून चिरतो. आर्द्रता मोजून आपोआप चालू-बंद होणारी गरम नळी किंवा खोलीतलं डीह्युमिडिफायर हा नीट उपाय.

दोष कुठे आहे ते शोधा

अडकलेल्या पट्टीची तक्रार ऐकली की हात लगेच पट्टीकडे जातो. थांबा. पट्टी, व्हिपन (पट्टी जो भाग वर उचलते तो), जॅक (व्हिपनवरचा, हॅमरला ढकलणारा भाग), हॅमर, डँपर (तारेचा आवाज थांबवणारा भाग), यांपैकी कोणीही रुसलेलं असू शकतं, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

अपराइट, म्हणजे उभ्या पियानोत वरची फळी काढून समोर टॉर्च धरा. तक्रारीची पट्टी सावकाश दाबा आणि सावकाश सोडा.

पट्टी वर आली पण हॅमर तारेजवळच रेंगाळला, तर संशय हॅमर बटच्या (हॅमरच्या बुडाच्या ठोकळ्याच्या) सेंटर पिनवर, म्हणजे तो ज्यावर फिरतो त्या बारीक पिनेवर. त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या: शेजारच्या हॅमरला घासतो आहे का, आणि बटची स्प्रिंग जागेवर आहे का. पट्टीच खाली राहिली, तर व्हिपन बोटाने थोडं उचलून धरा आणि पट्टी एकटी हलवून बघा. एकटीही जड असेल तर दोष पट्टीत आहे. एकटी मोकळी असेल तर व्हिपनच्या सांध्यात.

‘एकदा वाजते, मग मुकी’ ही तक्रार बहुतेक जॅकची असते. पहिल्या ठोक्यानंतर जॅक बटखाली परत जात नाही. त्याची पिन जड असेल, स्प्रिंग दमली असेल, किंवा, आणि हे पावसाळ्यात विसरू नका, जॅकला परत शिरायला जागाच उरलेली नसेल. ओलीने फेल्ट फुगतात, मधली बारीक मोकळीक संपते आणि जॅक बटच्या कडेला टेकून बसतो. अशा वेळी पिनांना हात लावायची गरज नसते. कॅपस्टन (पट्टीवरचा, व्हिपनखाली टेकणारा स्क्रू) किंचित खाली घेतला की काम होतं. किती फिरवला ते मात्र लिहून ठेवा, कारण कोरड्या दिवसांत तो परत वर घ्यावा लागेल.

ग्रँडमध्ये, म्हणजे आडव्या पियानोत, सगळ्यात आधी समोरची की-स्लिप बघा, म्हणजे पट्ट्यांच्या पुढ्यात आडवी बसवलेली लांब फळी. ती फुगून किंवा वाकून पट्ट्यांच्या तोंडाला घासते आणि एकदम पाचसात पट्ट्या अडकतात. पोस्टकार्डाचा एक लांब तुकडा फळी आणि पट्ट्यांमधल्या फटीत सरकवत न्या. जिथे तो अडतो, तिथे दोष. फळी काढा, मागच्या बाजूला तिच्या आणि की-फ्रेमच्या (पट्ट्या बसवलेल्या चौकटीच्या) मध्ये पातळ पुठ्ठ्याचा तुकडा द्या, परत बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. या एका कारणासाठी अख्खी ॲक्शन बाहेर काढून सगळ्या पट्ट्यांची बुशिंगं दाबलेली मी बघितली आहेत. तो पियानो नंतर डिसेंबरभर खुळखुळत होता.

की-स्लिप निर्दोष असेल तर ॲक्शन बाहेर घ्यावी लागेल. पट्ट्यांवरचं झाकण, दोन्ही टोकांचे ठोकळे, मग की-स्लिप, या क्रमाने काढा. ॲक्शन ओढताना एकही पट्टी दाबली जाता कामा नये. हॅमर वर उठला की पिनब्लॉकच्या (तारांच्या खुंट्या बसवलेल्या फळीच्या) कडेला अडकून शँक (हॅमरची दांडी) मोडतो. म्हणून हात दोन्ही टोकांच्या की-फ्रेमवर हवेत, पट्ट्यांवर नकोत.

बाहेर आलेल्या ॲक्शनची झटपट परीक्षा अशी: लांब मोजपट्टीने दहाबारा हॅमर एकत्र उचला आणि एकदम सोडा. निरोगी हॅमर एकत्र खाली येतात, आजारी मागे राहतो. अपराइटमध्ये हेच काम हाताने करता येतं: हॅमरांची रांग तारांकडे ढकला आणि सोडा. मागे राहणाऱ्याच्या शँकवर खडूने खूण करा. सगळ्या ८८ तपासल्याशिवाय एकाही दुरुस्तीला हात घालू नका. एकच हॅमर जड असेल तर दोष त्या सांध्यात असतो. पन्नास जड असतील तर कारण खोलीत असतं.

सोनाराची वजनं

माझ्या पिशवीतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे पितळी वजनांचा लहान संच, १ ग्रॅमपासून ५० ग्रॅमपर्यंतचा. सोनारांना माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. वजनं नसतील तर दहा रुपयांची नाणी चालतात. एक नाणं सुमारे पावणेआठ ग्रॅमचं असतं. पण मधली वजनं लागतातच, तेव्हा संच घ्या.

रीत अशी. उजवा पेडल दाबून धरायला कोणाला तरी सांगा किंवा पाचर लावा, म्हणजे डँपर वर राहतील आणि त्यांचं ओझं मोजणीत येणार नाही. वजन पट्टीच्या पुढच्या टोकापासून साधारण १३ मिमी आत ठेवा. पट्टीखालच्या फळीवर मुठीने हलकं ठोकत राहा आणि वजन वाढवत जा. पट्टी ज्या वजनाला सावकाश खाली जायला लागते, ते खालचं वजन. मग पट्टी अर्धी खाली धरून उलट करा: जास्तीत जास्त किती वजन ठेवलं तरी पट्टी ते उचलून सावकाश वर येते? ते वरचं वजन.

दोन्हींच्या फरकाचं अर्धं म्हणजे घर्षण. दोन्हींच्या बेरजेचं अर्धं म्हणजे तोल.

आता एक उदाहरण. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या. पहिलीचं खालचं वजन ५२, वरचं २८. घर्षण १२, तोल ४०. दुसरीचं खालचं ६८, वरचं १४. घर्षण २७, तोल ४१. बोटाला दुसरी खूप जड लागते, पण तिचा तोल पहिलीसारखाच आहे. म्हणजे हॅमर जड झालेला नाही, पट्टी तोलायला तिच्यात भरलेलं शिसं कमी पडलेलं नाही, कुठेतरी घासतं आहे, बस. ग्रँडच्या मधल्या भागात घर्षण १० ते १५ ग्रॅम असेल तर मी हात लावत नाही. २० च्या वर गेलं की शोधतो.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. शिकाऊ असताना एका घरातल्या ग्रँडवर मी न मोजता काम केलं. मधला सप्तक जड होता, वाजवणाऱ्या बाईंना सांधेदुखी होती, आणि मला त्यांना लवकर आराम द्यायचा होता. पट्ट्यांच्या पुढच्या भागात छिद्रं पाडून मी शिसं भरलं. टोकाशी १२ ग्रॅमचा फरक पडला. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या पट्टीवर हाच हिशेब लावून बघा: खालचं वजन ६८ वरून ५६ झालं, पण वरचं १४ वरून २ वर आलं. म्हणजे पट्टी दाबायला हलकी झाली आणि परत येईनाशी झाली. घर्षण २७ होतं, २७ च राहिलं. पुढे हिवाळ्यात ते आपोआप १२ वर उतरलं तेव्हा पट्ट्या ४१ ला खाली जायच्या आणि १७ लाच वर यायच्या, म्हणजे बोटाखाली नुसत्या पोकळ लागायच्या. भरलेलं शिसं मी नंतर काढलं, पण लाकडात पाडलेली छिद्रं तशीच राहिली. त्या बाईंची मी माफी मागितली. तेव्हापासून वजनांशिवाय घराबाहेर पडत नाही.

सगळ्या ८८ मोजायला वेळ नसेल तर आठ ‘सी’ सुराच्या पट्ट्या मोजा: डावीकडून क्रमांक ४, १६, २८, ४०, ५२, ६४, ७६ आणि ८८. त्यात तक्रारीच्या पट्ट्या मिळवा. हे आठ आकडे म्हणजे त्या पियानोची नाडी समजा.

अपराइटमध्ये स्प्रिंगा आणि रचना वेगळी असल्यामुळे हे आकडे ग्रँडशी ताडू नका. तिथे शेजारच्या निरोगी पट्टीशी तुलना करा, तेवढी पुरते.

पट्टी सोडवणे

दोष पट्टीत आहे असं ठरलं की ती बाहेर काढा. अपराइटमध्ये आधी ॲक्शन काढली तर सोपं जातं. ग्रँडमध्ये ॲक्शनचा वरचा सांगाडा की-फ्रेमवरून सोडवावा लागतो. पट्ट्यांवर क्रमांक छापलेले असतात. नसतील तर काढण्याआधी पेन्सिलीने घाला.

पट्टी दोन पिनांवर चालते: मधली तोलाची पिन गोल, पुढची पिन लंबगोल. पुढचा भाग जरा उचलून सोडा. पट्टी आपल्या वजनाने सावकाश, न अडखळता खाली सरकली पाहिजे. पुढे बोटाने डावी-उजवी हलवली तर अगदी जाणवेल-न-जाणवेल एवढीच हालचाल हवी.

पिनांवर गंज किंवा कळंक असेल तर आधी पिना चकचकीत करा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं. पितळ घासायचं पॉलिश कापडावर घ्या, पिनेवर नको, आणि पॉलिशचा कण शिल्लक राहू देऊ नका. मग की-ईझिंगची पक्कड, जिच्या दोन सपाट जबड्यांमध्ये बुशिंग लाकडाकडे दाबलं जातं. एकदा हलकेच दाबा, पट्टी बसवून बघा, लागलं तर पुन्हा दाबा. एका दाबात काम करायचा मोह आवरा. जास्त दाबलं तर लाकूड चिरतं, आणि ओल गेल्यावर पट्टी सैल पडून खटखटते. जुलैमध्ये मी पट्टी नेहमी किंचित घट्ट बाजूला सोडतो, मोकळी पण ढिली नाही. पुढचा कोरडा काळ माझ्या बाजूने काम करणार असतो.

उलट परिस्थितीत एक वाईट सवय आढळते. पट्टी सैल असली की पुढची लंबगोल पिन पक्कडीने तिरकी फिरवायची. लगेच घट्ट होते खरी, पण पिनेची कड आता बुशिंगला कापत राहते, आणि पावसाळ्यात तीच पट्टी आधी अडकते. अशी फिरलेली पिन दिसली की सरळ करा आणि बुशिंग बदला.

तोलाच्या पिनेचं खालचं गोल छिद्र रुंद करायला रीमर वापरू नका. ते छिद्र मोठं झालं की पट्टी पुढेमागे सरकते आणि सगळी मोजमापं बिघडतात. घट्ट असेल तर आधी पिन स्वच्छ करा, मग छिद्राच्या कडा पिनेच्याच मापाच्या गुळगुळीत दांडीने दाबून घ्या.

पट्ट्यांमध्ये मिळणाऱ्या वस्तूंची यादी इथे देत नाही. पेन्सिलीची टोकं, नाणी, केसांच्या पिना सगळ्यांना ठाऊक आहेत. पण उंदरांनी कुरतडलेलं फेल्ट किंवा वाळवीची माती दिसली तर घर्षणाचा विचार बाजूला ठेवा आणि घरच्यांना लगेच सांगा.

सेंटर पिन

हॅमर, व्हिपन, जॅक यांचे सांधे एका बारीक पितळी पिनेवर फिरतात. नेहमीची पिन २० नंबरची, जाडी सुमारे १.२७ मिमी. अर्ध्या नंबराने जाडी साधारण ०.०२५ मिमी वाढते. केसापेक्षाही बारीक हा फरक, पण बोटाला कळतो. फिरणाऱ्या लाकडात ही पिन घट्ट बसलेली असते आणि फ्लँजमधल्या (सांधा धरणाऱ्या, स्क्रूने बसवलेल्या तुकड्यातल्या) लोकरी बुशिंगमध्ये फिरते. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुष्कळ चुका इथूनच सुरू होतात: लाकडात सैल झालेली पिन हळूहळू एका बाजूला बाहेर येते, शेजारच्या भागाला घासते, आणि आपण त्याला ओलीमुळे आलेला जडपणा समजतो.

जड सांध्यावर तीन पायऱ्यांनी जातो.

पहिली पायरी वंगणाची. पिन स्वच्छ असेल आणि जडपणा थोडाच असेल तर सेंटर पिनांसाठीचं खास वंगण, उदाहरणार्थ प्रोटेक सीएलपी, बुशिंगच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब. पंधरावीस वेळा हलवा, दुसऱ्या दिवशी तपासा.

दुसरी पायरी पाणी आणि अल्कोहोलची. अनेक सांधे जड असतील तेव्हाची. डिस्टिल्ड पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मंनिम्मं मिसळा. सुई लावलेल्या बाटलीने प्रत्येक बुशिंगला एक थेंब. पाण्याने लोकर फुगते. बाहेरून लाकूड तिला फुगू देत नाही, म्हणून ती आत पिनेवर दबते. सुकल्यावर दबलेली लोकर तशीच राहते आणि पिनेभोवती जागा होते. अल्कोहोल पाण्याला आत नेतं आणि सुकायला मदत करतं. म्हणजे सांधा आधी आणखी जड होतो आणि मग मोकळा होतो. हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर त्याच रात्री फोन येईल.

इथे आपल्या हवामानाची एक अडचण आहे. कोरड्या देशांतली माणसं ‘रात्रभर सुकू द्या’ म्हणतात. जुलैत मुंबईत रात्रभरात ते सुकत नाही. ॲक्शन एसीच्या खोलीत २४ तास ठेवा, पंखा लांबून लावा, आणि त्यानंतरच मोजा. ओल्या सांध्यावर निकाल काढून वर आणखी थेंब टाकले की ऑक्टोबरात हॅमर डुलायला लागतात. आधी तीन सांध्यांवर करून बघा, ते सुकू द्या, मग बाकीचे. जुन्या पियानोत सरसाचे जोड असतात. सरसाला पाणी लागलं तर जोड सुटतो, म्हणून थेंब बुशिंगवरच पडला पाहिजे.

तिसरी पायरी पिन बदलण्याची. पिनेवर हिरवा कळंक दिसत असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांत वेळ घालवू नका. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तसंच जुन्या बुशिंगमधली चरबी आणि ओल मिळून पितळेला कळकवतात, आणि तो हिरवा चिकट थर कुठल्याही थेंबाने जात नाही.

फ्लँजचा स्क्रू काढा, भाग हातात घ्या, क्रमांक लिहा. पिन काढायच्या हत्याराने जुनी पिन सरळ रेषेत बाहेर ढकला. ती तिरकी गेली तर लाकडाचं छिद्र बिघडतं. काढलेली पिन टाकू नका, तिच्यावर कुठे झीज आहे आणि कुठे कळंक आहे ते बघा. नवी पिन आधी लाकडात घालून बघा. बोटाने ढकलून पूर्ण जाते आहे म्हणजे सैल आहे, अर्धा नंबर वर जा. मग त्या मापाला बुशिंग मोकळं करा. यासाठी रीमर असतो, पण मी त्याच मापाची एक लांब पिन बारीक सॅंडपेपरवर लोळवून खरखरीत करतो आणि ती बुशिंगमध्ये दोनचार वेळा फिरवतो. लोकर कापली जात नाही, नुसती बसते. नवी पिन टोकदार बाजूने घाला, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पातळीत फ्लश कटरने छाटा. अर्धा मिमी बाहेर राहिला तरी शेजारी घासेल.

आता परीक्षा. ग्रँडचा हॅमर फ्लँजला धरून आडवा उचला आणि सोडा. लंबकासारखे ५ ते ७ झोके घेऊन थांबला तर उत्तम. दोन-तीन झोक्यांत थांबला तर अजून जड, दहाच्या पुढे गेला तर सैल. ग्रॅम मोजणारा गेज असेल तर हॅमरच्या सांध्याला २ ते ४ ग्रॅम यावे. फ्लँज आडव्या दिशेने हलवून बघा. मोकळेपणा हवा, डुलणं नको. झोके बरोबर आणि तरीही डुलतो असं झालं तर लाकडातली पिन सैल आहे, परत पहिल्यापासून करा.

शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४०, खोबरेल, मेणबत्ती, यांपैकी काहीही कुठल्याही बुशिंगला लावू नका. तेल लोकरीत मुरतं, धूळ धरतं, गोंदासारखं होतं आणि पुढच्या कारागिराला सगळीच्या सगळी बुशिंगं बदलावी लागतात. पट्टीच्या पिनांना टेफ्लॉनची कोरडी पावडर चालते.

कळलेलं दुसऱ्यापर्यंत पोहोचवणं

पॅरिसच्या अंध मुलांच्या संस्थेत क्लोद मोंताल नावाचा विद्यार्थी होता. लहानपणीच दृष्टी गेलेली. त्याने सोबत्याबरोबर जुना पियानो उकलला, परत जोडला, ट्यूनिंग स्वतः शिकला आणि दुसऱ्यांना शिकवलं. १८३६ साली त्याने पियानो सुरात लावण्याची रीत सांगणारं पुस्तक छापलं, आणि पुढे तो पियानो बनवणाराही झाला. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. ‘हे असं बघ’ असं म्हणून शिकवण्याची सोय त्याला नव्हती. जे हाताला आणि कानाला कळलं ते त्याला शब्दांत आणि क्रमात मांडावं लागलं.

आपल्या कामात ‘असं बघ’ फार आहे. उस्तादांच्या शेजारी बसून शिकलं ते खरंच, आणि त्याला पर्याय नाही. पण उस्ताद गेले की त्यांनी कुठल्या पियानोत काय केलं होतं ते कोणालाच सांगता येत नाही. गोव्यातून मुंबईत येऊन हे काम केलेल्या किती माणसांची विद्या अशी गेली असेल, याचा विचार आला की मला वाईट वाटतं.

म्हणून नोंदीबद्दल माझा आग्रह आहे, आणि तो काही बारीक गोष्टींचा आहे.

पट्टी क्रमांकाने सांगा. ‘मधल्या सीच्या जरा वर’ हे फोनवर ऐकणाऱ्याला निरुपयोगी आहे, ‘४३’ उपयोगी आहे. तारखेबरोबर आर्द्रता लिहा. जुलैतले ८२ टक्के आणि फेब्रुवारीतले ५० टक्के या दोन नोंदी आर्द्रता न बघता एकमेकींशी ताडायच्या नसतात, पण आकडा नसेल तर हे कळणार कसं? मालकाचं नाव-पत्ता दुसऱ्यांना पाठवायच्या नोंदीत नको, पियानोचा अनुक्रमांक पुरे. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि हात घालण्याआधीचा एक फोटो हवाच.

‘जड आहे’ लिहू नका. ६८/१४ लिहा.

काय केलं त्याबरोबर काय करून बघितलं आणि फसलं तेही लिहा. माझ्या शिशाच्या चुकीतून तीन शिकाऊ मुलांच्या हातून होणारी तीच चूक टळली, आणि त्याचं समाधान मला एखादी दुरुस्ती उत्तम जमल्यापेक्षा कमी नाही. सल्ला विचारतानाही हेच. ‘हॅमर परत येत नाही, काय करू?’ याला पाच जण पाच उत्तरं देतील आणि पाचही बरोबर असतील. अपराइट की ग्रँड, कुठल्या पट्ट्या, आर्द्रता किती, व्हिपन उचलल्यावर पट्टी मोकळी आहे का, झोके किती, एवढं सांगितलं तर उत्तर एकच येतं.

आणि दुसऱ्याचं काम उघडं पडलं तर त्याची निंदा घरच्यांसमोर करू नका. त्याने ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत केलेलं असेल आणि तेव्हा ते बरोबरही असेल. त्याचा फोन मिळाला तर त्याला विचारा. फिरवलेल्या पिना सोडल्या तर मला बहुतेक वेळा असं विचारून काहीतरी नवं कळलं आहे.

दसरा झाला की पावसाळ्यात केलेल्या प्रत्येक पियानोकडे एक फेरी मारा. त्याच आठ ‘सी’ पट्ट्या, तीच वजनं, तीच जागा. दोन्ही वेळचे आकडे शेजारीशेजारी लिहिले की आपण जुलैत किती घट्ट सोडायला हवं होतं ते दिसतं. त्या पियानोच्या पुढच्या पावसाळ्याची तयारी तिथेच होते. नमुन्यासाठी माझ्या वहीतल्यासारखं एक पान:

ग्रँड, अनुक्रमांक मागच्या पानावर. पट्टी ५२. जुलै, आर्द्रता ८३. खालचं ६६, वरचं १४, घर्षण २६, तोल ४०. पट्टी एकटी मोकळी. हॅमरचे झोके २. पिनेवर कळंक. जुनी २० काढली, २०½ घातली. झोके ५. खालचं ५४, वरचं २६, घर्षण १४. पट्टीच्या बुशिंगला हात लावला नाही.

ऑक्टोबर, आर्द्रता ६१. खालचं ५१, वरचं २९, घर्षण ११. झोके ७. डुलत नाही. शेजारची ५३ जड होते आहे: ५८/२२, पुढच्या वेळी आधी तिची पिन बघणे.